नवाबचं पथ्य

उन्हाळ्यात जुन्या जालन्यात कोणी घटाघटा पाणी प्यायला लागलं, की गल्ली त्याच्याकडे संशयानं बघते. नळ येईल तेव्हा येईल, टँकरवाला फोन उचलेल तेव्हा उचलेल, अशा गावात तहान ही खाजगी बाब राहत नाही. त्यामुळे रामप्रसादांच्या घरातल्या नवाब नावाच्या बोक्यानं आधी स्वतःची वाटी, मग बादली आणि शेवटी त्यांच्या पत्नी उषाबाईंच्या देवघरातला तांब्या अशा चढत्या क्रमानं पाणी संपवायला सुरुवात केली, तेव्हा हे प्रकरण घरातल्या घरात दाबून ठेवणं अवघड होतं.

रामप्रसाद पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. तलावातलं पाणी कुठे जातं याचे अहवाल वर पाठवण्यात त्यांची हयात गेली होती. बाष्पीभवन, पाझर आणि इतर, एवढी तीन कारणं खात्याला मान्य होती. त्यांनी नवाबकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि ‘इतर’ असा निष्कर्ष काढला.

इथे एक खुलासा केलेला बरा. नवाब आपला नाही, असं रामप्रसाद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तो तृप्तीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा. ती नोकरीला पुण्याला गेली तेव्हा मागे एक गिटार, दोन खोकी पुस्तकं आणि नवाब सोडून गेली. “आपल्याला मांजराचा बिलकुल शौक न्हाई,” असं रामप्रसाद म्हणत, आणि हे म्हणताना नवाब त्यांच्या मांडीवर झोपलेला असे, मांडीला मुंग्या आलेल्या असत, पण त्याची झोप मोडू नये म्हणून ते जागचे हलत नसत.

खऱ्या मुंग्या आल्या त्या ऑफिसात. रामप्रसादांनी पिशवीतून फाईल काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली, तर फाईलमागोमाग मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग बाहेर पडली आणि साहेबांच्या सहीच्या दिशेनं निघाली. पिशवी रात्री कोपऱ्यात ठेवलेली होती आणि नवाबनं तिच्यावर आपला शेरा मारला होता. साहेबांनी फाईल दोन बोटांनी परत केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत रामप्रसादांची फाईल परत आली नव्हती असं नाही, पण अशी नाही.

संध्याकाळी शेजारच्या तातेरावांनी निदान केलं. तातेराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि कित्येक वर्षं स्वतःची शुगर बाळगून असल्यामुळे त्या विषयातले जाणकार समजले जात. निदान तेच तसं समजत.

“भाऊ, मुंग्या लागल्या म्हंजी शुगर,” ते म्हणाले. “आमच्या वडलांची अशीच निघाली होती. तव्हा कुठं लॅब होत्या? मुंग्याच रिपोर्ट द्यायच्या.”

“मांजराला शुगर?”

“कामून न्हाई? तुमच्या घरात त्याच्याइतका आराम कोणाला हाये?”

दुसऱ्या दिवशी नवाबला भाजीच्या पिशवीत घालून, मुंडकं तेवढं बाहेर ठेवून रामप्रसाद जनावरांच्या दवाखान्यात गेले. पुढे दोन म्हशी, मागे एक म्हैस आणि बाजूला शेळ्या. पुढच्या म्हशीच्या मालकानं पिशवीत डोकावून विचारलं, “काय झालं त्याला?”

“शुगर,” रामप्रसाद शक्य तितक्या हळू म्हणाले.

त्या माणसानं ही बातमी मागच्या माणसाला सांगितली, त्यानं शेळीवाल्याला, आणि मग रामप्रसादांना असं वाटलं की म्हशीसुद्धा वळून बघत आहेत. आतल्या डॉक्टरांनी नवाबला आदरानं पाहिलं, आपल्याकडे शुगर मोजायचं यंत्र नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि नव्या जालन्यातल्या डॉक्टर सुमेधांकडे पाठवलं.

डॉक्टर सुमेधा वयानं तृप्तीएवढ्या आणि बोलायला एकदम सरळ. त्यांनी नवाबच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राचा आकडा पाहिला आणि तो रामप्रसादांना दाखवला. मग दात पाहिले. ते किडले होते. लघवीला जंतुसंसर्ग झाला होता. मग त्यांनी नवाबला टेबलावर चालायला लावलं.

“हा मागच्या टाचा टेकवून चालतोय. कधीपासून?”

रामप्रसादांना वाटत होतं ती त्याची ऐट आहे. नावच नवाब म्हटल्यावर चालीबद्दल कोण शंका घेतो? आणि हल्ली तो कंपाउंडच्या भिंतीवर उडी मारत नव्हता, त्याचं कारण वय आणि ऊन असेल असं त्यांनी धरलं होतं.

“शुगरमुळे पायांच्या नसा कमजोर झाल्यात,” डॉक्टर म्हणाल्या. “शुगर ताब्यात आली तर पाय परत येतील. नाही आली तर पाय जातील, आणि काका, मग गोष्ट पायांवर थांबत नाही.”

रामप्रसादांनी नवाबकडे बघितलं. तो टेबलावरच्या वजनाच्या चिठ्ठ्या खाली ढकलत होता. “न्हाई, न्हाई. ताब्यात आणू,” ते म्हणाले. मग रुमालानं डोळे पुसले आणि ऊन फार आहे असं सांगितलं.

सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी इन्सुलिनचं इंजेक्शन. दूध बंद, पोळी बंद, भात बंद. उकडलेली कोंबडी, तीही बिनमिठाची, बिनमसाल्याची. रामप्रसादांच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं, आणि त्यात अधिकमास लागायला आलेला.

रात्री तृप्तीचा फोन आला. सगळं ऐकून ती रडायला लागली. “बाबा, मला सुटी नाहीये. मी येईपर्यंत त्याला सांभाळा ना.”

“अगं, मला काय मांजराचं…” म्हणून रामप्रसाद थांबले. “सांभाळतो,” म्हणाले.

पहिलं इंजेक्शन रामप्रसादांच्या अंगठ्याला लागलं. नवाब ऐन वेळी वळला, एवढंच. पण इन्सुलिन आपल्या अंगात गेलं या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते ओट्यावर आडवे झाले. तातेरावांनी साखरेच्या पाण्याचा गडू त्यांच्या तोंडाला लावला. शेजारच्या दोघीतिघी बिस्किटांचे पुडे घेऊन बघायला आल्या. उषाबाईंनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, “एका युनिटनं काकांना काही होत नाही. नवाबला दिलं का?” एवढ्या गर्दीत ते कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी जांभळाच्या बियांची पूड आणली, कोणी मेथी भिजवून पाजा म्हणालं. तातेरावांनी स्वतःच्या वाट्याचा कारल्याचा रस आणला. नवाबनं तो हुंगला आणि तातेरावांच्या हातावर पंजा मारला. “अगदी माझ्यावाणीच करून राह्यलं हो,” तातेराव सद्गदित झाले.

कोंबडीचा प्रश्न उषाबाईंनी एका वाक्यात मिटवला. “माझ्या सैपाकघरात न्हाई.” मग रामप्रसादांनी माळ्यावरचा जुना स्टोव्ह काढला आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उकडउकड सुरू केली. अधिकमास लागलेला. खालून पोथीचा आवाज येतोय, आणि वर धुण्याच्या दोरीआड लपून एक सरकारी कर्मचारी कोंबडी शिजवतोय. वास लपत नाही. गल्लीत दोन दिवसांत पसरलं की रामप्रसाद पवित्र महिन्यात गच्चीवर जाऊन एकटेच खातात. देवळात पुजारीबुवांनी त्यांच्या हातावर तीर्थ जरा उंचावरून सोडलं. तातेराव तर एका संध्याकाळी सरळ वर आले.

“भाऊ, एकट्यानंच?”

“तातेराव, हे नवाबचं हाये.”

“मी कुठं दुसऱ्या कोणाचं म्हनलं?” असं डोळे मिचकावून तातेरावांनी पातेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला. मग ते तो चावत राहिले, चावत राहिले. “ह्यात मीठबी न्हाई?” शेवटी त्यांनी विचारलं. तो तुकडा त्यांनी मोठ्या कष्टानं गिळला आणि जिना उतरताना पहिल्यांदाच ते नवाबबद्दल मनापासून हळहळले.

बदनामी एक वेळ परवडली असती. खरी जखम झाली ती भोकरदनहून. भोकरदन ही रामप्रसादांची सासुरवाडी. अधिकमास म्हणजे धोंड्याचा महिना. तिसऱ्या वर्षी कधीतरी येणार आणि जावयाला लक्ष्मीनारायण समजून बोलावणार. पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे, वर तेहतीस अनारशांचं वाण. रामप्रसाद ऑफिसात साधे वरिष्ठ लिपिक असतील, पण धोंड्याच्या महिन्यात भोकरदनला ते देव होते. बोलावणं आलं. आणि इंजेक्शनच्या वेळा मधे आल्या. सकाळचं टोचून निघावं तर संध्याकाळच्या आत परत यायला हवं, आणि सासूबाईंच्या घरी धोंडे दिवेलागणीशिवाय होत नसत. उषाबाई टोचायला तयार नव्हत्या. सुई बघूनच त्यांना भोवळ येई. त्या सकाळी जाऊन मुक्काम करून आल्या.

“आई म्हणत होती, मांजरापायी जावई येऊन न्हाई राह्यले का?” त्यांनी येऊन सांगितलं.

“मंग तू काय म्हणालीस?”

“खरं तेच सांगितलं.”

त्या दिवशीचा सगळा मान धाकट्या साडूला मिळाला. साडूनं फोटो पाठवले. पाटावर साडू, ओवाळताना सासूबाई, तुपात बुडालेला धोंडा, धोंड्याचा जवळून काढलेला आणखी एक फोटो. रामप्रसादांनी ते फोटो पुन्हापुन्हा मोठे करून पाहिले आणि साडूला अंगठा पाठवला.

एवढा त्याग केल्यावर नवाबची शुगर उतरायला हवी होती. आधी उतरलीही. मग तपासणीला नेलं, तर आकडा पुन्हा वर. टाचा अजून जमिनीला टेकलेल्याच.

“कोणीतरी याला खायला घालतंय,” डॉक्टर सुमेधा म्हणाल्या.

“शक्यच न्हाई. गोडाकडं तो बघत न्हाई.”

“काका, मांजराला गोड चव कळतच नाही. तो तुपासाठी, दुधासाठी खाईल. साखर पोटात जायची ती जातेच.” मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. “हे असंच चाललं तर पाय परत यायचे नाहीत. पुढच्या वेळी मला मग वेगळं बोलावं लागेल.”

वेगळं म्हणजे काय, हे रामप्रसादांनी विचारलं नाही. घरी येईपर्यंत स्कूटर त्यांनी पायी चालल्याच्या वेगानं चालवली. नवाबला धक्के लागू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा मागितली. कारण लिहिलं: घरात आजारपण. साहेबांनी विचारलं, “पेशंट कोण? नातं काय?” मुंग्या साहेब विसरले नव्हते. रामप्रसाद ताठ उभे राहिले. “आश्रित आहे, सर,” ते म्हणाले. हे नातं नियमात कुठेतरी असतं, त्यामुळे साहेबांना सही करावी लागली.

रजेच्या पहिल्याच दुपारी रामप्रसाद डोळे मिटून खाटेवर पडून राहिले. नवाब उठला, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि दाराबाहेर पडला. टाचा घासत, दर चार पावलांवर बसत, त्या कडक उन्हात त्यानं गल्ली ओलांडली. रामप्रसाद अनवाणीच मागे निघाले. नवाब समोरच्या झुंबरबाईंच्या मागच्या दारातून आत गेला, अगदी रोजचा असल्यासारखा.

रामप्रसादांनी दारातून पाहिलं ते असं. पाट मांडलेला. पाटाभोवती रांगोळी. पाटावर नवाब, कपाळाला कुंकवाचं बोट. समोर तबकात निरांजन, आणि ताटलीत कुस्करलेला धोंडा, त्यावर दूध, त्यावर तूप. भिंतीशी झुंबरबाईंची मांजर बेबी आपली दोन पिल्लं घेऊन अदबीनं बसलेली.

“झुंबरबाई!” रामप्रसाद ओरडले आणि आत घुसून त्यांनी नवाबला पाटावरून उचललं.

“अगं बाई! जेवत्या ताटावरून?” झुंबरबाई तबक घेऊनच आडव्या आल्या. “भाऊ, जावयाला कोणी ताटावरून उठवतं का?”

“कोणाचा जावई?”

“माझा! आन् कोणाचा?” झुंबरबाईंनी एक पिल्लू उचलून नवाबच्या तोंडाशेजारी धरलं. काळी पाठ, पांढरी छाती, नाकावर तोच तिरपा ठिपका. “बघा, कोणाच्या तोंडावर गेलं. मला दोन्ही पोरंच. दोन्ही आपल्या बायका घेऊन सासुरवाडीला धोंडे खायला गेलीत. मला लेक न्हाई, जावई न्हाई. आजवर दर धोंड्याच्या महिन्याला मी दुसऱ्यांच्या दारात वाण बघायला उभी राह्यले. आवंदा बेबीनं घर भरलं माझं. मी महिनाभराचा नेम धरलाय. आन् तुमी व्याही असून एक दिवस पिल्लं बघायला आले न्हाई, त्याचं मी काही बोलले का?”

भोकरदनचा पाट त्यांनी ज्याच्यापायी सोडला, तो इथे रोज पाटावर बसत होता. ताटलीतल्या तुपाचा वास सरळ नाकात येत होता. पण काखेतल्या नवाबचे मागचे पाय चिंधीसारखे लोंबत होते.

“झुंबरबाई, याला शुगर हाये,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणाल्या, असंच चाललं तर जाईल तो.”

“मी मारीन का जावयाला?” झुंबरबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि त्या रडताहेत म्हटल्यावर गल्ली जमायला वेळ लागला नाही.

रामप्रसादांना वाटलं होतं, गल्ली आपल्या बाजूनं उभी राहील. शास्त्र आपल्या बाजूला आहे, डॉक्टर आपल्या बाजूला आहेत. पण बायकांनी एकमेकींना विचारलं ते एवढंच: “ताट पुढं असताना उठवलं?” आणि सगळ्यांनी ‘च्च’ केलं. रामप्रसादांनी आशेनं उषाबाईंकडे पाहिलं. उषाबाई म्हणाल्या, “अहो, निदान आचवू तरी द्यायचं.”

“तो मरून राह्यलाय आणि तुमी मानपान करून राह्यले!” रामप्रसाद इतक्या मोठ्यानं ओरडले की बेबी पिल्लं घेऊन कणगीमागे गेली. मांजराचा शौक नसलेला हा माणूस मांजराला छातीशी धरून उभा होता, आणि त्याचे डोळे भरले होते. ऊन फार होतं असं या वेळी त्यांनी सांगितलं नाही.

झुंबरबाईंनी नवाबच्या लोंबत्या पायांना हात लावून बघितला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “शुगर ऐकली होती, पण ती पायांवर आली हे मला कोणी सांगितलंच न्हाई भाऊ. पण नेम धरलाय, तो कसा मोडू?”

तोडगा तातेरावांनी काढला. एसटीत असताना सुट्या पैशांवरून त्यांनी याहून अवघड भांडणं मिटवली होती. “जावयाला चालत न्हाई, तर त्याच्या वतीनं व्याह्यानं घ्यावं. ओवाळायचं त्याला, जेवायचं ह्यांनी. नेम राह्यला, पथ्यबी राह्यलं.”

“मांजराच्या वतीनं मी?” रामप्रसादांचा स्वाभिमान उसळला. “मी शासकीय कर्मचारी आहे.”

“तूप घरचं हाये,” झुंबरबाई म्हणाल्या.

रामप्रसादांनी ताटलीकडे पाहिलं. “नवाबच्या तब्येतीसाठी,” ते म्हणाले.

तेव्हापासून रोज दुपारी, रजा संपल्यावर ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत, झुंबरबाईंकडे दोन पाट मांडले जाऊ लागले. एका पाटावर नवाब. त्याला कुंकू, अक्षता, ओवाळणी. दुसऱ्या पाटावर रामप्रसाद. त्यांना कुंकू नाही, कारण जावई ते नव्हते. ताट मात्र त्यांच्यापुढे. झुंबरबाई धोंडा वाढताना “घ्या जावईबापू” असं नवाबकडे बघून म्हणत आणि वाटी रामप्रसादांच्या ताटात उपडी करत. रामप्रसादांनी एकदाच, “अजून थोडं तूप,” असं नवाबच्या वतीनं म्हणून पाहिलं, ते मिळालं. संध्याकाळी ते गच्चीवर जाऊन कोंबडी उकडत. आता वास आला तरी गल्लीत कोणी नाक मुरडत नसे, उलट “व्याह्यांनी चूल पेटवली,” असं कौतुकानं म्हणत. त्यांची ऑफिसची पँट कमरेत बसेनाशी झाली.

नवाबची शुगर उतरली. पुढच्या तपासणीला ती आणखी उतरली. पाणी कमी झालं, पिशवीला मुंग्या लागेनात. टाचा जमिनीपासून जराशा सुटल्यासारख्या रामप्रसादांना वाटत होत्या, पण उषाबाई म्हणत, “तुमाला वाटून राह्यलं.” डॉक्टर सुमेधा म्हणत, “पाय वेळ घेतील. परत येतीलच असं नाही, पण बघू.” रामप्रसाद रोज सकाळी फरशीवर आडवे होऊन, गाल टेकवून, नवाबच्या टाचेखालून उजेड दिसतो का ते बघत.

अधिकमासाच्या शेवटच्या दिवशी झुंबरबाईंनी वाणाचा थाट केला. गल्लीतल्या बायका आल्या. तेहतीस अनारसे तबकात रचले, वर दिवा ठेवला. नवाबच्या अंगावर नवं उपरणं घातलं; त्यानं ते दोन क्षण सोसलं. ओवाळून झालं, आणि तबक रामप्रसादांच्या पुढ्यात सरकवलं. त्यांनी पहिला अनारसा उचलून तोंडात घातला.

तेवढ्यात नवाब पाटावरून उठला. उपरणं झटकलं. अंगणात गेला, कंपाउंडच्या भिंतीखाली थांबला, वर बघितलं, मागचे पाय पोटाखाली ओढले, आणि उडी मारली.

पंजे काठाला लागले. क्षणभर मागचा भाग हवेत लटकला. मग मागच्या पायांनी भिंत खरवडली आणि नवाब वर उभा राहिला, टाचा उचलून, शेपूट ताठ करून. आणि पलीकडे उतरून गेला.

भिंतीपलीकडून मागच्या गल्लीतल्या सत्यशीलाबाईंचं डोकं वर आलं. “हे तर आपल्या पायानंच आलं की!” त्या हसत म्हणाल्या. “मी बोलवायलाच येऊन राह्यले होते. आमच्या मनीला चार पिल्लं झालीत. चारीच्या चारी ह्याच्याच तोंडाची. म्हनलं, आज शेवटचा दिवस, जावयाला धोंडे खाऊ घालावेत. व्याही, तुमीबी या बरं का!”

झुंबरबाईंच्या चेहऱ्यावर, जावयाचं दुसरं घर निघाल्यावर सासूच्या चेहऱ्यावर जे येतं, ते आलं. त्यांनी आधी बेबीकडे पाहिलं आणि मग सावकाश रामप्रसादांकडे.

“व्याही,” त्या म्हणाल्या, “हे तुमाला माहीत होतं?”

“उडी मारली,” रामप्रसाद म्हणाले. तोंडात अनारसा तसाच होता. “बघितली का तुमी? उडी मारली त्यानं.”

“मी काय इचारून राह्यले? माझ्या बेबीला फसवून हे दुसरं घर…”

“मागच्या पायांवर उभा राह्यला हो!” रामप्रसाद भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी अनारशावर उतरत होतं. “टाचा टेकल्या न्हाई. एकबी टाच टेकली न्हाई!”

झुंबरबाईंनी पुढे होऊन त्यांच्यासमोरचं तबक उचललं, उरलेल्या बत्तीस अनारशांसकट. व्याह्याला भरल्या ताटावरून असं उठवणं गल्लीतल्या एकाही बाईला गैर वाटलं नाही, आणि रामप्रसादांना ते कळलंही नाही.